एक्स्पोर्टचा माल, लोकलचा माल

नाशिक जिल्ह्यातल्या एकाच बागेतून फेब्रुवारीत दोन प्रकारची द्राक्षे निघतात. वेल तोच, पाणी तेच, फवारणीचा पंपही तोच. एक घड रोटरडॅमला जातो, दुसरा वाशीला. रोटरडॅमच्या घडाची सरकारदरबारी नोंद असते. प्लॉट कोणाचा, फळछाटणी कधी झाली, कोणते औषध कोणत्या तारखेला मारले, सगळे लिहिलेले. काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेतो. शेतकऱ्याने पिशवीत घालून आणलेला नमुना चालत नाही. दीडशेहून जास्त रसायनांसाठी तो तपासला जातो. अहवाल पास झाला, तरच माल पॅकहाऊसमध्ये शिरतो.

वाशीच्या घडाबद्दल सरकारला काहीच ठाऊक नसते. क्रेट भरले, गाडी सुटली, पहाटे लिलाव झाला आणि संध्याकाळी तो घड मुंबईतल्या एखाद्या पोराच्या हातात आला. मधे कोणी विचारले नाही, कोणी बघितले नाही, कोणी लिहून ठेवले नाही.

हे चोरून चाललेले नाही. बागाईतदार, व्यापारी, अधिकारी सगळे उघड बोलतात: हा एक्स्पोर्टचा माल, तो लोकलचा माल. युरोपातल्या माणसासाठी जे राज्य द्राक्षाच्या मण्यातला दहा कोटी भागांतला एक भाग हुडकून काढते, त्याने परभणीच्या माणसाला 'आमच्याकडे यंत्रणा नाही' असे सांगू नये. यंत्रणा आहे. ती आपल्या माणसांसाठी लावलेली नाही.

*

ही यंत्रणा उभी कशी राहिली ते आठवा. २००३ च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये मर्यादेपेक्षा जास्त कीटकनाशकांचे अंश सापडले आणि बाजार हातचा जातो की काय अशी वेळ आली. मग सगळे कामाला लागले. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली. २००६ मध्ये अपेडाने, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाने, ग्रेपनेट ही बागेपासून माग ठेवणारी संगणकीय व्यवस्था सुरू केली. कृषी खात्याने प्लॉटची नोंदणी हाती घेतली. कोणते औषध चालते, काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचे, याच्या याद्या दर हंगामाला निघू लागल्या. डाऊनी या बुरशीरोगासाठी काय मारायचे आणि भुरीसाठी काय, हे निफाड-दिंडोरीचा शेतकरी या याद्या समोर ठेवून ठरवू लागला.

ही व्यवस्था एकदा चुकली. २०१० मध्ये युरोपने क्लोरमेक्वाट क्लोराइडवर बोट ठेवले. वेलीची नुसती पानांची वाढ रोखून घड धरावेत म्हणून बागाईतदार हे संजीवक वर्षानुवर्षे सर्रास वापरत. युरोपची मर्यादा बारीक होती आणि आपल्या तपासणीच्या यादीत त्या रसायनाचे नावच नव्हते. प्रयोगशाळेने पास केलेली द्राक्षे परदेशी बंदरात अडकली. यादी करणाऱ्यांची चूक होती, पैसे बुडाले शेतकऱ्याचे. पण त्यानंतर ते नाव यादीत आले, तपासणी कडक झाली आणि निर्यात पुन्हा सुरू झाली.

यातून मला दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. आपला शेतकरी नियम पाळू शकतो; कारण कळले आणि भाव मिळाला तर तो काटेकोर नोंदी ठेवतो. आणि आपले सरकार नियम राबवू शकते. पलीकडे माल परत पाठवणारा कोणी उभा असला की राबवते. लोकल मालात तो परत पाठवणारा कोणीच नाही. आपण विकत घेतो, धुतो आणि खातो.

*

आता एक सरळ प्रश्न. युरोपच्या तपासणीत नापास झालेल्या प्लॉटचा माल कुठे जातो?

लोकलला जातो.

युरोपची मर्यादा अनेक रसायनांसाठी आपल्यापेक्षा कडक आहे. त्यामुळे तिथे नापास झालेले प्रत्येक द्राक्ष आपल्या कायद्यानेही असुरक्षित ठरते असे नाही. पण ठरते की नाही, हे पाहायला कोणी बसलेले नाही. अहवालाचा कागद सरकारशी संबंधित यंत्रणेकडे असतो. त्यात रसायनाचे नाव असते, प्रमाण असते, प्लॉटचा क्रमांक असतो. तो कागद अन्न व औषध प्रशासनाच्या टेबलावर का जात नाही? जाण्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. एक संगणकीय जोडणी आणि एक आदेश लागतो. एवढेही आजवर झालेले नाही, कारण लोकलच्या ग्राहकाची कोणाला भीती नाही.

*

कायदा बघा. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम २००६ चा, लागू झाला ५ ऑगस्ट २०११ रोजी. कलम २१ सांगते की अन्नात कीटकनाशकांचे, जनावरांच्या औषधांचे, प्रतिजैविकांचे अंश ठरलेल्या मर्यादेबाहेर नसावेत. कलम १८ सांगते की हा कायदा शेतकऱ्याला, शेतीकामाला आणि शेतावरच्या पिकाला लागू नाही. शेतमाल शेतकऱ्याच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेला, की मग तो कायद्याच्या कक्षेत येतो.

शेतकऱ्याला या कायद्यातून वगळले ते बरेच झाले. दोन एकर वांगी करणाऱ्या माणसाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावून कोणाचे पोट सुरक्षित होणार नाही. पण बांधापर्यंत हा कायदा येणार नसेल, तर बांधावर दुसरे कोणी तरी उभे हवे. तिथे कृषी खाते आहे, असे उत्तर मिळते. कृषी खात्याकडे कीटकनाशकांचा कायदा आहे. त्याला बाटलीतल्या मालाची काळजी, भाजीत काय उतरले याची नाही. बाजार समितीच्या फाटकात पणन खाते सुरू होते. त्याला आवक, लिलाव आणि सेस यांची काळजी. दुकानापाशी अन्न व औषध प्रशासन. त्याचे हात मिठाई, खवा, तेल आणि गुटख्यात गुंतलेले. या तिघांच्या मधल्या फटीतून मेथीची जुडी रोज सुखरूप निसटते आणि थेट ताटात येते.

सर्वोच्च न्यायालयाने या फटीवर आधीच बोट ठेवले आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये शीतपेयांसंबंधीच्या जनहित याचिकेचा निकाल देताना न्यायालयाने सुरक्षित अन्नाचा संबंध राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काशी जोडला. एवढेच सांगून न्यायालय थांबले नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने राज्यांना सोबत घेऊन मोठ्या फळ-भाजी बाजारांची ठरावीक काळाने तपासणी करावी, असा आदेश दिला. महाराष्ट्रात तीनशेहून अधिक बाजार समित्या आहेत. तुमच्या समितीत या महिन्यात किती भाज्यांचे नमुने घेतले, त्यात काय सापडले, हे फाटकावरच्या फळ्यावर लिहिलेले तुम्ही कधी वाचले आहे का? कांद्याचा भाव लिहायला फळा आहे. अंशांचा अहवाल लिहायला जागा नाही.

*

नमुना घेतलाच, तर कायद्याने अन्न विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवस दिलेले आहेत. बिस्किटाच्या पुड्यासाठी हे ठीक. पालक पहाटे विकला जातो आणि रात्री पचलेला असतो. चौदाव्या दिवशी हाती येणारा कागद त्या पालकाचे काहीच करू शकत नाही.

म्हणूनच द्राक्षाची पद्धत महत्त्वाची. तिथे तपासणी काढणीआधी, बागेत होते. नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो किंवा पुण्या-मुंबईच्या भोवतालच्या पट्ट्यातली पालेभाजी घ्या. ही पिके ठरावीक भागांत, ठरावीक महिन्यांत निघतात. तिथे हंगामात फिरते पथक जाऊ शकते आणि तोडणीआधी प्लॉट निवडून नमुने घेऊ शकते. बाजारात झटपट चाचणी करून संशयित माल बाजूला काढता येतो, पक्की तपासणी मागाहून. सगळा माल तपासायची गरज नाही. आपला प्लॉट निघू शकतो, एवढी शक्यता खरी वाटली तरी शेवटची फवारणी चार दिवस आधी थांबते.

*

आता शेतकऱ्याच्या बाजूने बोलतो, कारण अन्नसुरक्षेची ओरड झाली की पहिली काठी त्याच्या पाठीत बसते.

कीटकनाशकाची नोंदणी पिकावार होते. शेतकरी त्याला लेबल क्लेम म्हणतात. द्राक्ष, कापूस, भात, टोमॅटो यांच्यासाठी लेबल क्लेमची यादी लांबलचक आहे. कोथिंबीर, मेथी, शेपू, पडवळ यांच्यासाठी ती फार तोकडी, कारण छोट्या पिकासाठी चाचण्या करून नोंदणी घेण्यात कंपनीला पैसे दिसत नाहीत. ज्या औषधाची त्या पिकासाठी मर्यादाच ठरलेली नाही, तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. दहा टनांचे दहा ट्रक मिळून एक ग्रॅम! मेथीवर मावा आला तर शेतकऱ्याने काय करायचे? कायदेशीर औषध मिळत नाही आणि जे मिळते ते मारले की कायदा मोडतो. छोट्या पिकांच्या चाचण्या कृषी विद्यापीठांकडून सरकारी पैशाने करून घ्या. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली ही चार विद्यापीठे त्यासाठीच आहेत.

मग शेतकरी सल्ला कोणाचा घेतो? कृषी सेवा केंद्रवाल्याचा. तिथे उधारी मिळते आणि तिथला माणूस रोज भेटतो. २०१५ मध्ये नियम दुरुस्त करून विक्रेत्याला कृषी किंवा संबंधित विषयाचे शिक्षण सक्तीचे केले. मग जुन्या विक्रेत्यांना मुदतवाढी मिळत गेल्या आणि पुढे १२ आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर भागवले गेले. माणसाच्या औषधाचे दुकान १२ आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर चालू द्याल का? विषाचे दुकान का चालू देता?

आणि त्या दुकानातल्या टॉनिकच्या बाटल्या. 'जैविक' म्हणून विकलेल्या द्रावणात लेबलावर नसलेले रसायन निघते, शेतकरी विश्वासाने ते मारतो आणि अहवाल नापास येतो. अशा जैव उत्तेजकांना २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाच्या चौकटीत आणले. चौकट झाली, आता बाटल्या उघडून तपासा. नापास अहवाल आला की शेतकऱ्याला दोषी धरण्याआधी त्याच्या गोठ्यातल्या रिकाम्या बाटल्या तपासायला न्या. निम्मे उत्तर तिथे मिळेल.

यवतमाळ विसरू नका. २०१७ च्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना तिथले वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. डोक्याइतका वाढलेला कापूस, दमट उकाडा, दोन-तीन औषधांची एकत्र मिश्रणे, अंगावर साधा शर्ट. अन्नातल्या विषाचा पहिला बळी खाणारा नसतो, पंप पाठीवर घेणारा असतो. त्याचे रक्षण न करणारी अन्नसुरक्षा अर्धीच आहे.

*

आपला कायदाही प्रेतांच्या मागून आलेला आहे. १९५८ मध्ये केरळ आणि मद्रास राज्यात पॅराथिऑन हे विषारी कीटकनाशक धान्यासोबत वाहून आणल्याने ते खाण्यात मिसळले आणि शंभरावर माणसे मेली. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांनी केली. कीटकनाशक अधिनियम झाला १९६८ मध्ये. तो बदलायला २००८ मध्ये राज्यसभेत विधेयक आले, २०२० मध्ये पुन्हा आले. दोन्हींचा कायदा झाला नाही.

या दिरंगाईची किंमत पोरांनी मोजली आहे. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून मनाई होती. इतर पिकांसाठी ते विकत मिळत राहिले. जुलै २०१३ मध्ये बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनात तेच मिसळले गेले आणि २३ मुले गेली. त्याच्या ३६ टक्के एसएल या द्रवरूप प्रकारावर केंद्राने बंदीचा आदेश काढला २०२३ मध्ये. २००५ ते २०२३. भाजीवर चालत नाही म्हणून विष ठरलेले रसायन कापसाच्या नावाने घेऊन वांग्यावर मारणे दुकानाच्या दारात कोण अडवणार होते?

*

दुधाचे बघा. दूध म्हटले की आपण युरिया आणि डिटर्जंटच्या भीतीने थरथरतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने तपासले. जिवाला घातक अशी भेसळ सापडली १२ नमुन्यांत. अफ्लाटॉक्सिन एम-१ मात्र ५.७ टक्के नमुन्यांत मर्यादेबाहेर होते. हे बुरशीचे विष आहे. ओल धरलेल्या मक्यातून, सरकीच्या पेंडीतून, कडब्यातून ते गाईच्या पोटात जाते आणि तिथून दुधात उतरते. उकळून ते जात नाही.

यात गवळी चोर नाही. त्याला कोणी बुरशी लागलेले पशुखाद्य विकले, किंवा त्याचा चारा पावसात भिजला. इथे छापा घालून काही होणार नाही. पशुखाद्याच्या कारखान्यात तपासणी हवी, गोदाम कोरडे हवे आणि दूध संघाच्या संकलन केंद्रावर चाचणी हवी. भेसळीचे दूध गटारात ओतण्याचे फोटो मंत्र्यांना आवडतात. पेंडीचे पोते तपासल्याचा फोटो कोणी काढत नाही, पण पोरांच्या पोटातले विष कमी होईल ते त्या पोत्यापाशी.

*

आणि मसाले. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने दोन नामांकित भारतीय कंपन्यांच्या मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडल्याचे जाहीर केले. त्याच आठवड्याच्या आसपास, ८ एप्रिलला, आपल्या प्राधिकरणाचा आदेश निघाला: ज्या कीटकनाशकांची भारतात नोंदणीच नाही, त्यांची मसाल्यांसाठीची सरसकट मर्यादा किलोला ०.०१ वरून ०.१ मिलिग्रॅम. दहापट. हा विषय इथिलीन ऑक्साइडपेक्षा वेगळा आहे, हे मान्य. शास्त्रीय समितीच्या शिफारशीवरून हे केले, हे प्राधिकरणाचे स्पष्टीकरणही मान्य धरू. तरीही जे रोज आमटीत पडते त्याची मर्यादा दहापट सैल करताना लोकांपुढे आधी हिशेब ठेवायला हवा होता. आमच्या पोटाबद्दलचा निर्णय आम्हाला बातमीतून कळू नये.

या सगळ्यावर सरकारी सल्ला एकच: भाज्या स्वच्छ धुऊन घ्या. धुवाव्यातच, वरची धूळ आणि वरवरचे औषध निघते. आंतरप्रवाही कीटकनाशक झाडाच्या रसातून फळात शिरलेले असते. ते मिठाच्या पाण्याने निघत नाही. राज्याने न केलेले काम बाईने सिंकपाशी उभे राहून करावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

*

'एवढा खर्च कोण करणार?' हा नेहमीचा प्रश्न. केरळने केला. तिथल्या कृषी विद्यापीठाची वेल्लायणीची प्रयोगशाळा २०१३ पासून बाजारातल्या भाज्या, फळे, मसाले तपासते आणि कोणत्या भाजीत काय सापडले ते नावानिशी लोकांपुढे ठेवते. तमिळनाडूतून येणाऱ्या मालावरही त्यामुळे नजर राहते. महाराष्ट्र केरळपेक्षा गरीब नाही. शेतमालाच्या व्यवहारावर बाजार समित्या वर्षानुवर्षे सेस घेत आल्या आहेत. त्यातला एक हिस्सा तपासणीला द्या.

म्हणून राज्य सरकारकडे चार मागण्या. निर्यातीसाठी नापास झालेल्या प्रत्येक प्लॉटचा अहवाल अन्न व औषध प्रशासनाला त्याच दिवशी मिळावा आणि तो माल आपल्या मर्यादेवर पुन्हा तपासल्याशिवाय लोकलला सुटू नये. मोठ्या बाजार समित्यांत नमुने घ्यावेत आणि निकाल दर महिन्याला मराठीत, भाजीच्या आणि गावाच्या नावासह लावावेत. पहिल्यांदा नापास झालेल्या शेतकऱ्याकडे दंडाची पावती न पाठवता कृषी खात्याचा माणूस पाठवावा. लेबलात खोटे लिहिणाऱ्या कंपनीला आणि चुकीचे औषध हातात देणाऱ्या दुकानाला मात्र पहिल्याच वेळी परवाना गमवावा लागावा. आणि कृषी, पणन, अन्न व औषध या तीन खात्यांसाठी एकच जबाबदार अधिकारी नेमावा, ज्याचे नाव लोकांना ठाऊक असेल.

विधानसभेत बसलेल्या प्रत्येक आमदाराच्या मतदारसंघात भाजी पिकते किंवा विकली जाते. बहुतेकांच्या मतदारसंघात दोन्ही होते. पुढच्या अधिवेशनात त्यांच्यापैकी एकाने उभे राहून विचारावे: माझ्या तालुक्याच्या बाजारात गेल्या वर्षभरात भाज्यांचे किती नमुने तपासले आणि किती नापास झाले? आकडा सभागृहाच्या पटलावर येऊ द्या. तो शून्य असेल, तर कोणामुळे शून्य आहे, तेही त्याच दिवशी नावानिशी सांगा.